दहा बाय बाराची खोली, तबला आणि खालचे शेजारी: फरशी बदलायची की भिंती?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. मागची बेडरूम १० बाय १२ फुटांची, उंची साडेनऊ फूट, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स. तिथे गाणं, हार्मोनियम, तबला रेकॉर्ड करायचा आहे, छोट्या मॉनिटर स्पीकरवर मिक्सिंग करायचं आहे आणि संध्याकाळी तीन-चार मुलांना शिकवायचंही आहे. सुताराने सुचवलंय की अख्ख्या खोलीला वुडन फ्लोअरिंग करू आणि चारही भिंतींना फोम लावू. बजेट एक लाख. खालच्या मजल्यावरच्या काकू तक्रार घेऊन वर येऊन गेल्यात. तर लॅमिनेट घ्यावं, गालिचा घालावा, की आणखी काही?

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. टाइल्स आहेत तशा राहू द्या. बसायच्या जागी उचलता येईल अशी जाड बैठक करा, तबल्यासाठी वेगळा छोटा चौथरा करून घ्या आणि फ्लोअरिंगला जाणारे सगळे पैसे छताकडे आणि कोपऱ्यांकडे वळवा. भिंतींसाठी फोमची एकही शीट घेऊ नका. काकूंना जो त्रास होतो तो आणि तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये जे घुमतं ते, हे दोन वेगळे आजार आहेत. सुतार एकाच औषधाने दोन्ही बरे करायला निघालाय, आणि त्या औषधाचा दोन्हींवर जवळपास काहीच परिणाम होणार नाही.

आता तुमच्या खोलीचा हिशोब मांडू. १० × १२ × ९.५ म्हणजे ११४० घनफूट, मेट्रिकमध्ये साधारण ३२ घनमीटर. आवाज बंद झाल्यावर तो खोलीत किती वेळ रेंगाळतो याचं साधं सूत्र आहे: ०.१६१ गुणिले घनफळ, भागिले खोलीतलं एकूण शोषण. शोषण चौरस मीटरमध्ये मोजतात: आदळलेला सगळा आवाज गिळणारा १ चौरस मीटरचा पृष्ठभाग म्हणजे १ चौरस मीटर शोषण. हे सूत्र वॉलेस सॅबाइन यांचं. १८९५ मध्ये हार्वर्डमधल्या एका व्याख्यानगृहात बोललेलं काही समजत नाही म्हणून त्यांना कामाला लावलं, तेव्हा ते रात्रीच्या शांततेत विद्यापीठाच्या नाट्यगृहातल्या बैठकींच्या गाद्या आणून त्या सभागृहात पसरायचे आणि मोजमापं घ्यायचे. या गाद्यांची युक्ती तुम्हालाही पुढे सांगणार आहे.

तुमची खोली रिकामी असेल तर प्लास्टर, काच, टाइल्स सगळं धरून शोषण कसंबसं ३ चौरस मीटरच्या आसपास येईल. म्हणजे आवाज पावणेदोन सेकंद रेंगाळणार. रेकॉर्डिंगच्या छोट्या खोलीत तो ०.३ ते ०.४ सेकंदावर यायला हवा. त्यासाठी १३ ते १७ चौरस मीटर शोषण लागतं. ते कुठून आणायचं, एवढाच खरा प्रश्न.

फरशीतून आणायचं म्हटलं तर बघा. खोलीची जमीन ११ चौरस मीटर आहे. काँक्रीटवर थेट अंथरलेला जाड गालिचा ४००० हर्ट्झला (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं; आकडा जितका मोठा तितका सूर वरचा) सुमारे ०.६५, म्हणजे आदळलेल्या आवाजाचा ६५ टक्के भाग शोषतो, म्हणजे ७ चौरस मीटर शोषण हातात आलं. छान वाटतं. पण तोच गालिचा १२५ हर्ट्झला फक्त ०.०२ शोषतो. म्हणजे ११ चौरस मीटर गालिच्यातून पाव चौरस मीटरही मिळालं नाही. तंबोऱ्याच्या झंकाराची आणि स, श च्या उच्चारांची धार गेली, आणि डग्ग्याची घुमक मात्र जिथल्या तिथे. अशा खोलीत गायलं की आवाज गोधडीतून आल्यासारखा लागतो. लॅमिनेटची गत आणखी वेगळी. पातळ फोमवर टाकलेली ८ मिलिमीटरची लाकडी भुशाची फळी कुठल्याही पट्टीत फारसं काही शोषत नाही. ती दिसते लाकडासारखी आणि आवाजाच्या लेखी टाइलसारखीच कडक. म्हणून ‘वुडन फ्लोअरिंगने साउंड वॉर्म होतो’ हे जे सांगितलं जातं ते आपल्या घरांतल्या लॅमिनेटला लागू नाही. लाकडी वाशांवर, खाली पोकळी ठेवून ठोकलेल्या तक्तपोशीची गोष्ट निराळी आहे. ती खालच्या सुरांना थोडी हलते, म्हणून थोडं शोषते. स्लॅबवर सपाट टेकलेली फळी हलणार कशी?

शिवाय कडक जमीन ही दुर्गुणाची गोष्ट नाहीच. जमीन कडक आणि छत मऊ, ही स्टुडिओची जुनी, टिकलेली रचना आहे. वाद्याला थोडा परतावा हवा असतो. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज कानावर पडला नाही की तो नकळत जोर लावतो, आणि तासाभरात घसा बसतो. शिकवणाऱ्यांना हे सांगायला नको.

पण इथे एक गोष्ट आपली आपणच बघायला लागते. स्टुडिओवरचं बहुतेक मार्गदर्शन उभं राहून गाणाऱ्या, स्टुलावर बसून गिटार वाजवणाऱ्या माणसाला धरून लिहिलेलं असतं. आपण जमिनीवर बसतो. तबल्याची पुडी जमिनीपासून फूटभर उंचीवर आणि माईक तिच्यावर आणखी फूटभर. पुडीवरून माईकपर्यंत आवाज थेट येतो १ फूट. जमिनीवर आपटून येतो तो ३ फूट. २ फुटांचा फरक पडला की सुमारे २८० हर्ट्झला दोन्ही लहरी एकमेकींना खोडतात, पुन्हा ८५० ला खोडतात, आणि असंच वर. अर्थात परावर्तित आवाज बराच क्षीण असतो आणि तबल्याचं खोडही मध्ये येतं, त्यामुळे खाच अगदी खोल पडत नाही. तरी ‘घरी वाजवलेला तबला डबड्यासारखा का वाटतो’ याचं एक कारण हे आहे.

८५० आणि वरच्या खाचांवर जाड बैठक काम करते. १०-१२ मिलिमीटरचा फेल्ट (दाबलेल्या तंतूंचा जाड थर), त्यावर घट्ट विणीची सतरंजी, साधारण ५ बाय ६ फूट. नुसती सतरंजी किंवा सोलापुरी चादर पुरत नाही, ती फार पातळ. २८० ची खाच मात्र कुठल्याच अंथरुणाने जाणार नाही. ती माईक जवळ आणून किंवा कोन बदलून घालवायची. बैठक उचलती ठेवायची ती यासाठीच. बोलका आवाज, निवेदन रेकॉर्ड करताना ती अंथरा. हार्मोनियमला थोडी उघडी टाइल ठेवून पाहा, भात्याची खरखर बेताची असेल तर पेटी खुलून ऐकू येते. वॉल-टू-वॉल गालिचा चिकटवला की हा पर्याय संपला.

आता खरा चोर. बंद खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये काही ठरावीक सूर अडकून बसतात. १२ फुटांच्या लांबीत पहिला ४७ हर्ट्झ, दुसरा ९४. १० फुटांच्या रुंदीत ५६ आणि ११३. साडेनऊ फूट उंचीत ५९ आणि ११९. रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी असल्यामुळे ५६-५९ आणि ११३-११९ या जोड्या एकमेकींवर चढून बसल्यात. तुमच्या खोलीचं हे मूळ दुखणं आहे, आणि पुण्यामुंबईच्या बहुतेक दहा फुटी बेडरूमचं हेच असतं.

काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज १३८ हर्ट्झच्या थोडा वर. त्याचा मंद्र मध्यम ९२ च्या आसपास, म्हणजे १२ फुटांच्या ९४ ला जवळजवळ चिकटून. मंद्र पंचम १०४, तो ९४ आणि ११३ यांच्या मधल्या दरीत. याचा अर्थ मालकंस गाताना मंद्र मध्यम खोलीभर फुगणार, आणि भूपात मंद्र पंचमावर उतरलात की तो बसकाच लागणार. गायक म्हणतो आज खर्ज लागत नाहीये. बऱ्याचदा खोली त्याला दगा देत असते. इक्वलायझरने, म्हणजे ठरावीक पट्टीचा आवाज कमी-जास्त करून, हे सुधारत नाही, कारण दोन फूट सरकलात की चित्र बदलतं. यावर इलाज म्हणजे जाडी. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी ३.४ मीटर; तिला चाप लावायला दोन इंची फोम म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला.

फोमवर आणखी दोन वाक्यं, कारण सुतार आग्रह धरेल. दोन इंची पिरॅमिड फोम ५०० हर्ट्झच्या खाली ढेपाळतो. चारही भिंती भरल्या तर गालिच्याचंच दुखणं दहापट होतं: वरचं सगळं मेलं, खालचं सगळं जिवंत. आणि तो जळतो. २० फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये द स्टेशन नावाच्या नाइटक्लबमध्ये आतषबाजीची ठिणगी मंचाभोवतीच्या भिंतींवरच्या पॉलियुरेथेन फोमला लागली आणि १०० माणसं गेली. तुमच्या खोलीत पॉवर स्ट्रिप, ॲडाप्टर, गरम होणारी यंत्रं आणि लहान मुलं असणार. दार एकच. अंड्यांच्या ट्रेबद्दलही कुणीतरी सांगेलच. ते शोषत जवळपास काही नाहीत आणि पेटतात मात्र पटकन.

तर पैसे घालायचे ते रॉकवूलमध्ये, म्हणजे दगड वितळवून केलेल्या तंतूंच्या लोकरीत. दुकानात ‘४८ डेन्सिटी (घनमीटरला ४८ किलो), ५० एमएम’ म्हणून मागा. दोन थर एकावर एक, म्हणजे चार इंच. दुकानदार ९६ डेन्सिटी भारी म्हणून गळ्यात मारायला बघेल, नको. जाड पॅनलमध्ये फार घट्ट माल भरला की खालचा सूर आत शिरण्याऐवजी परत फिरतो. तो एनआरसीचा आकडाही पुढे करेल, ‘सर, ०.९५ आहे.’ एनआरसी म्हणजे २५०, ५००, १००० आणि २००० हर्ट्झ या चार ठिकाणच्या शोषणाची सरासरी. तुमचं दुखणं आहे ९० ते १२० ला, आणि त्याचा त्या आकड्यात मागमूसही नाही. १२५ चा आकडा विचारा. तो माहितीपत्रकात नसेल तर माल बाजूला ठेवा.

बाजारात सध्या रंगीत पीईटी (दाबलेल्या पॉलिस्टर तंतूंच्या) पॅनलची चलती आहे, ९ किंवा १२ मिलिमीटरची. ऑफिसात बोलण्यासाठी ठीक, दिसायला सुरेख, पण भिंतीला सपाट चिकटवले तर वरच्या पट्टीपलीकडे काही करत नाहीत. सभागृहात दिसतात तशा खाचांच्या लाकडी पट्ट्या मागे लोकर आणि पोकळी असेल तरच कामाच्या, नाहीतर ती निव्वळ सजावट.

पॅनल सुतार एका दिवसात करू शकतो. पाइनच्या पट्टीची चौकट, चार इंच खोल. आधी रॉकवूलचे तक्ते घरी आणा, मापं घ्या, मग चौकट कापायला सांगा, कारण तक्ते १ मीटर लांबीचे की १.२ मीटरचे ते दुकानावर ठरतं, रुंदी बहुधा ६०० मिलिमीटर. मागून मांजरपाट ताणून स्टेपल करा, पुढून आवडेल ते कापड. कापडाची परीक्षा एकच: तोंडाला लावून फुंकर मारायची, पलीकडे वारा लागला पाहिजे. रेक्झिन, कोटिंग असलेलं सोफ्याचं कापड बाद. खादी उत्तम. लोकर आणि कापड यांच्यामध्ये काळा ग्लास टिश्यू किंवा तसंच पातळ नॉनवोव्हन घातलं की तंतू बाहेर येत नाहीत. काम करताना मास्क, पूर्ण बाह्या, हातमोजे. आणि ते बाल्कनीत करायला लावा, बेडरूममध्ये नको. असं एक पॅनल सहा-सात किलोचं होतं, दोन चांगल्या हुकांवर आरामात राहतं.

किती लागतील? २ बाय ४ फुटांचं पॅनल पाऊण चौरस मीटर भरतं. आपल्याला १३ हवेत. भिंती-काच-टाइलचे ३ आहेत, पुस्तकांचं कपाट, बैठक, पडदा आणि तुम्ही स्वतः मिळून दोन-अडीच देता. उरले साडेसात-आठ. म्हणजे दहा ते अकरा पॅनल. याहून जास्त नको.

जागा ठरवताना पहिला मान छताला. खालची टाइल कडक ठेवलीय, तेव्हा वर मऊ नसेल तर टाळी वाजवल्यावर जो टर्रर्र असा लागोपाठ परतावा ऐकू येतो तो जाणार नाही. तीन पॅनल शेजारी शेजारी, स्लॅबपासून चार-सहा इंच खाली, तुमच्या बसायच्या आणि ऐकायच्या जागेच्या वर. मागच्या पोकळीमुळे फुकटात खालची पट्टी मिळते. इथे दोन अडचणी येतात. एक, स्लॅबमध्ये वायरिंगचे पाइप असतात. फॅनबॉक्सपासून स्विचबोर्डच्या दिशेला भोक पाडू नका, इलेक्ट्रिशियनला विचारून अँकर फास्टनर मारा. दुसरी अडचण फॅनची. तो खोलीच्या बरोबर मध्ये असतो आणि पॅनलही तिथेच हवी असतात. माझं मत स्पष्ट आहे: या खोलीतला सीलिंग फॅन काढा. रेकॉर्डिंगला तो तसाही बंदच ठेवावा लागतो, आणि चालू असताना पाती आवाज कापत राहतात, लांबलेल्या सुरावर ते कळतं. भिंतीवरचा पंखा लावा किंवा एसी बसवा. एसीचं इनडोअर युनिट माईकच्या समोरच्या भिंतीवर नको.

दुसरा मान कोपऱ्यांना. सगळे अडकलेले सूर कोपऱ्यात येऊन जमा होतात. दोन फूट रुंदीचं पॅनल कोपऱ्यात तिरकं उभं केलं की मागे सर्वात खोल ठिकाणी फूटभर पोकळी राहते. एकावर एक दोन ठेवली की आठ फूट उंची झाली. असे दोन कोपरे, चार पॅनल. मागची पोकळीही रॉकवूलच्या तुकड्यांनी भरली तर आणखी चांगलं. तिथे हलक्या डेन्सिटीचा स्वस्त मालही चालतो. चारही कोपरे मिळत नाहीत हे मला माहीत आहे, एकात दार असतं आणि एकात कपाट. कपड्यांनी गच्च भरलेलं कपाट किंचित उघडं ठेवलं तर तोही कोपरा थोडी मदत करतो.

इथे ती गाद्यांची युक्ती. काहीही विकत घेण्याआधी माळ्यावरच्या दोन जुन्या कापसाच्या गाद्या उतरवा, दोन कोपऱ्यांत तिरक्या उभ्या करा आणि मंद्रात खाली-वर गा. मग गाद्या बाहेर काढा आणि पुन्हा गा. फरक ऐकू आला तर माझ्यावर विश्वास ठेवायची गरज उरत नाही. मग कायमच गाद्या का नकोत? कापूस दोन वर्षांत बसतो, पावसाळ्यात ओल धरतो, ढेकूण-वाळवी होते आणि तो पेटतो. पिंजाऱ्याकडून पिंजून घेतलेला कापूस चौकटीत भरूनही पॅनल होतात, ती चालतातही. पण रॉकवूल मिळत असताना त्या वाटेला जाऊ नका.

उरलेली चार: स्पीकरच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर एकेक, जिथे आरसा धरला तर तुमच्या जागेवरून स्पीकर दिसतो तिथे. आणि दोन गाणाऱ्याच्या पाठीमागे. पाठीमागेच, कारण माईकचं तोंड गाणाऱ्याकडे असतं. त्याला जे परत ऐकू येतं ते गाणाऱ्याच्या मागच्या भिंतीवरून. लोक माईकच्या मागे अर्धगोल ढाल लावतात आणि मागची भिंत उघडी सोडतात, ते नेमकं उलटं आहे.

स्पीकर १२ फुटी लांबीच्या दिशेने तोंड करून ठेवा, भिंतीला जमेल तितके टेकवून. भिंतीपासून दोन फूट पुढे आणलेत तर भिंतीवरून परतणारा आवाज थेट आवाजाला खोडतो, १४० हर्ट्झला खड्डा पडतो आणि त्यावर सोपा उपाय नाही; फूटभरावर ठेवलेत तर तो खड्डा २८० ला सरकतो, तिथे चार इंची पॅनल सहज पुरतं. तुमचे कान समोरच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर ठेवून सुरुवात करा. बरोबर मधोमध, सहा फुटांवर, बसू नका. तिथे ४७ हर्ट्झ जवळजवळ गायब असतो. एक भिंत मोकळी राहू द्या. तिथे पुस्तकांचं कपाट, वाद्यं, तंबोरा, काय असेल ते. आवाज विखुरला की खोली जिवंत राहते.

आता काकू. यातलं काहीही, एकही पॅनल, खाली जाणारा आवाज कमी करणार नाही. पॅनल खोलीच्या आतला आवाज सुधारतं, बाहेर जाणारा थांबवत नाही. आधी नक्की काय ऐकू जातं ते शोधा. घरातल्या कुणाला तरी काकूंकडे पाठवा, त्यांच्या आणि तुमच्या खिडक्या बंद करा, आणि पाळीपाळीने गा, पेटी वाजवा, तबला वाजवा, पायाने ठेका धरा. पाच इंची आरसीसी स्लॅबचं वजन दर चौरस मीटरला तीनशे किलोच्या आसपास असतं. तो हवेतून येणारा आवाज ५० डेसिबलच्या जवळपास अडवतो. गाणं स्लॅबमधून फारसं जात नाही. ते तुमच्या खिडकीतून बाहेर पडतं आणि त्यांच्या खिडकीतून आत शिरतं. खाली स्लॅबमधून जातं ते ठोक्यांचं: डग्गा, पायाचा ठेका, पेटी ठेवल्याचा दणका, मुलांचं उठणं-बसणं.

खिडकीचा उपाय म्हणजे सध्याच्या सरकत्या ॲल्युमिनियम खिडकीच्या आतून दुसरी, गास्केटवर (रबरी पट्टीवर) घट्ट बसणारी केसमेंट, म्हणजे बिजागऱ्यांवर उघडणारी खिडकी, मध्ये जमेल तितकी पोकळी ठेवून. दाराचा उपाय म्हणजे भरीव दार, तिन्ही बाजूंना रबर आणि खाली फट बुजवणारी पट्टी. दाराखालची अर्धा इंची फट उघडी असेल तर भारी दाराचे पैसे पाण्यात.

ठोक्यांचा उपाय म्हणजे तबल्याचा चौथरा. ४ बाय ५ फूट. १८ मिलिमीटर प्लायचे दोन थर, सांधे एकावर एक येऊ न देता स्क्रूने जोडलेले, आणि त्याखाली रिबॉन्डेड फोमचे (फोमचे तुकडे दाबून चिकटवलेले) किंवा मऊ रबराचे ठोकळे. तत्त्व स्प्रिंगचं आहे: वर वजन, खाली लवचीक काहीतरी. ठोकळे तबलजी बसल्यावर थोडे दबले पाहिजेत, पण पूर्ण चेपता कामा नयेत. ५ मिलिमीटर दबले तर हिशोबाने त्याची स्वतःची कंपनसंख्या ७ हर्ट्झ निघते. रबर-फोममध्ये ती प्रत्यक्षात जास्तच येते, १२-१५ धरा, तरी डग्ग्याच्या खूप खाली आहे, म्हणजे काम होतं. कडक रबराचे चार तुकडे अजिबात दबले नाहीत तर चौथरा नुसता शोभेचा. एकही स्क्रू जमिनीत जाऊ देऊ नका आणि कड भिंतीला टेकू देऊ नका. वर बैठकीचाच फेल्ट आणि सतरंजी. प्लाय पोकळ वाजत असेल तर खालची पोकळी रॉकवूलच्या उरलेल्या कापांनी भरा.

कुणी म्हणेल, मग अख्खी खोलीच तरंगती करू, खाली वाळू भरू. फ्लॅटमध्ये हे नको. राहत्या खोलीचा स्लॅब आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला साधारण २०० किलो चल भार (माणसं, सामान यांचं वजन) धरून काढलेला असतो. चार इंच वाळूच १६० किलो होते. वर प्लाय, माणसं, कपाट. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीशिवाय असलं काही करू नये, आणि इतकं करूनही आवाज भिंतींच्या वाटेने खाली उतरतोच. कायद्याचंही एक भान ठेवा: ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि रात्र म्हणजे १० ते ६. डग्ग्याचा रियाज साडेनऊला संपवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

टाइल्स फुटल्या आहेत किंवा नुसत्या डोळ्यांना नको झाल्या आहेत म्हणून फरशी बदलायचीच असेल, तर ते आवाजाच्या नव्हे, घराच्या खर्चात धरा. मग लॅमिनेटपेक्षा एसपीसी, म्हणजे दगडाची भुकटी आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाच्या फळ्या घ्या. लॅमिनेटचा गाभा पाण्याने फुगतो. पुण्यात निभेल, पण मुंबई, रत्नागिरी, गोव्याकडच्या पावसाळ्यात कडा उचलतात. एसपीसीला ते भय नाही. दोन्ही तरंगते (न चिकटवता नुसते अंथरलेले) असल्याने पायाखाली पोकळ टकटक येते आणि माईकस्टँडचा धक्का पुढे जातो, म्हणून खाली चांगल्या प्रतीचं अंडरले (फळ्यांखालचा मऊ थर) घ्या आणि भिंतीलगत ८-१० मिलिमीटर फट सोडायला लावा. स्कर्टिंगखाली ती झाकली जाते. पायाचा आवाज सगळ्यात कमी येतो तो मऊ पाठीच्या व्हिनाइल रोलवर, दिसायला साधा असला तरी. चिकटवलेला गालिचा मी आपल्याकडच्या पावसाळ्यात कुणालाच सुचवत नाही, जुलैत येणारा कुबट वास ऑक्टोबरपर्यंत जात नाही. त्याच कारणाने बाहेरच्या भिंतीवरचं पॅनलही भिंतीपासून दोन इंच सुटं ठेवा, ओल असेल तर आधी ती बुजवा.

एक लाखाचा क्रम मी असा लावेन. पहिले पैसे दार आणि खिडकीच्या फटींना आणि तबल्याच्या चौथऱ्याला, म्हणजे काकूंशी संबंध नीट राहतील. मग कोपऱ्यातली चार आणि छतातली तीन पॅनल, मिळून सात. इथे थांबा, पंधरा दिवस रेकॉर्ड करा. रूम ईक्यू विझार्ड नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. एक मोजमापाचा माईक कुणाकडून तरी आणा आणि ९० ते १२० च्या पट्टीत आवाज किती रेंगाळतो ते पाहा. तिथे अजून शेपूट लांब असेल तर उरलेल्या चारपैकी दोन पॅनल भिंतीवर न जाता तिसऱ्या कोपऱ्यात जातील. आतली दुसरी खिडकी शेवटी, पैसे उरले तर. सुताराला मात्र आजच फोन करून फ्लोअरिंगची ऑर्डर थांबवा, माल एकदा कापला की दुकानदार परत घेत नाही.